मुका डाव

सात रस्ता, सोलापूर
२७ जुलै

आबा,

फोन केला की मी इथं ओरडते, शेजारच्या काकू दार उघडून बघतात आणि तिकडं नातेपुत्यात तुम्ही कोंडीबाकाकांना विचारता, “काय म्हणती ही?” मग काका मला सांगतात, “बरं हाय म्हणत्यात.” तुम्ही तसं काही म्हटलेलं नसतं, हे मला कळतं. कानाचं यंत्र कपाटात पडून आहे, हेही मला माहीत आहे. म्हणून पत्र. पत्राला कान लागत नाहीत.

कॉलेजात माझा अभ्यास मंजूर झाला. विषय वाचून हसू नका. उत्सवात नवं काही कसं जन्माला येतं, ते शोधायचं आहे. गणपतीत दरवर्षी तोच देव, तेच रस्ते, तीच हलगी. तरी दरवर्षी लोक घरी जाताना म्हणतात, यंदा कायतरी वेगळं होतं. ते वेगळं कुणाला सुचतं? आणि बाकीचे ते मान्य का करतात? सर म्हणाले, “मोठमोठ्या संगीत महोत्सवांवर जगभर लिहितायत लोक. तू तुझ्या गल्लीवर लिही.” माझ्या गल्लीत काय असणार, लेझीमच की. ड्रिलमास्तरची मुलगी मी.

तर मी आपल्या मंडळाच्या सरावाला गेले. राग येऊ दे, पण पत्र फाडू नका.

मैदान तेच, शाळेमागचं. हलगीवर अजून गुरप्पाच आहेत. केस पांढरे झाले, हात तसाच. शिकवायला धुळाप्पाअण्णा. गॅरेज बंद करून तसेच येतात, मनगटापर्यंत ऑइल. मला आधी ओळखलं नाही. मग जवळ येऊन म्हणाले, “अंकू, वस्ताद कसे हायत?”

मी म्हटलं, “बरे आहेत.”

“बरं,” म्हणाले, आणि वळून पोरांवर ओरडायला लागले. पोरांनी काही केलं नव्हतं.

मी त्यांची बाजू घेत नाही. आठ वर्षांपूर्वी भर मिरवणुकीत त्यांनी सगळ्या रांगेला रस्त्यावर बसवलं, बसल्या बसल्या लेझीम खेळवली, आणि ती तुम्हाला न विचारता. तुम्ही वस्ताद होतात. तुम्ही लेझीम खांद्याला लावलीत आणि सरळ घरी आलात. आईनं विचारलं, “एवढ्यात संपली मिरवणूक?” तुम्ही म्हणालात, “माझी संपली.” पुढं आई गेली, तुम्ही काकांकडं गेलात, आणि त्या माणसाशी एक शब्द बोलला नाहीत. हे सगळं मला ठाऊक आहे. पण मला अभ्यास करायचाय आबा, आणि अभ्यासाला मैदान लागतं.

मी फक्त कडेला बसून बघते. कॅमेरा तिकाटण्यावर, मी खुर्चीवर.

तुमची,
अंकिता


६ ऑगस्ट

आबा,

तुमचं कार्ड मिळालं. अडीच ओळी. ‘पत्र मिळाले. पाऊस बरा. लेझीम अंगाने शिकायची असते, खुर्चीवर बसून नव्हे.’ तुमच्या मानानं हे लांबलचकच म्हणायचं.

इथं यंदा बायकांची रांग वेगळी आहे. तुमच्या वेळी नव्हती. पूर्व भागातून यल्लूबाई म्हणून एक जण येतात, विड्या वळतात, माझ्याहून थोड्या मोठ्या. बोलायला लागल्या की निम्मं तेलुगू, निम्मं मराठी. परवा धुळाप्पाअण्णा हात शिकवत होते आणि यल्लूबाईंचा हात काही केल्या सरळ जाईना, मनगटातून वळायचाच. अण्णा म्हणाले, “ओ ताई, सरळ! सरळ न्या की!” त्या म्हणाल्या, “मी सरळच नेतेय, हात आपोआप विडी वळतोय, मी काय करू?” सगळी रांग हसली. मग शेजारच्या बाईनं गंमत म्हणून तसाच वळवून बघितला. मग तिच्या शेजारचीनं. अण्णा बोलता बोलता थांबले. गुरप्पांनी आपणहून हलगीची चाल जरा बदलली, त्या वळणाला जागा ठेवली. घटकाभरात अख्खी रांग मनगटातून वळत होती आणि लेझीम अशी काही किणकिणली की पलीकडं क्रिकेट खेळणारे थांबून बघायला लागले. त्याला आता सगळे ‘विडीचा हात’ म्हणतात.

तिथं खुर्चीवर बसून राहणं अवघड होतं, एवढंच सांगते. हाताला फोड आलेत, ते कॅमेऱ्याच्या पट्ट्यानं आले असणार.

आता कामाचं. धोट्याचा डाव आपल्या मंडळाची ओळख. दोन रांगा मागावरच्या उभ्या धाग्यांसारख्या समोरासमोर, आणि त्यांच्यामधून एक गडी धोट्यासारखा सुटतो, या टोकाचा त्या टोकाला. सोलापुरात दुसऱ्या कुणाला तो तसा जमत नाही. तो कुणी काढला? मी सगळ्यांना विचारलं. सगळे म्हणतात, रावजी वस्तादांनी. तुम्ही त्यांचे पट्टशिष्य, तेव्हा तुम्हीच सांगा, त्यांना तो कसा सुचला?

आणि एक निरोप आहे. यंदा मंडळाचं पंचाहत्तरावं वर्ष. धोटा तुम्ही पुढं उभं राहून चालवावा अशी सगळ्यांची इच्छा आहे. सगळ्यांची म्हणजे सगळ्यांची. धुळाप्पाअण्णा माझ्याशी बोलताना जमिनीकडं बघत होते, पण बोलले तेच.

अंकिता


१५ ऑगस्ट

आबा,

‘धोटा रावजी वस्तादांचा. माझे त्यात काही नाही. पुढे उभे राहण्याचा मला अधिकार नाही.’

कार्ड वाचून मी चिडले. मग विचार केला, चिडून काय होणार, रावजी वस्ताद नाहीत पण त्यांच्या घरच्या रंभाआजी आहेत की. त्यांना जाऊन विचारू. त्या आता होटगीला असतात, थोरल्या मुलाकडं. तो रेल्वेत आहे. आज झेंडावंदन उरकलं आणि तशीच गेले.

तुम्हाला त्या आठवत असतील तशाच आहेत, फक्त अर्ध्या झाल्यात. दारातूनच हाक आली, “बारव्वा, कूडु.” मी बसले. त्यांनी आधी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि म्हणाल्या, “बापाचं नाक हाय, सयाजीचं.” मग शेंगाची चटणी आणि कडक भाकरी पुढं आली आणि खाऊन होईतोवर मला प्रश्न विचारू दिला नाही.

मी विचारलं, “आजी, धोट्याचा डाव आजोबांना कसा सुचला?”

त्या म्हणाल्या, “त्येंना कुटं सुचला?”

“मग?”

“तुज्या बापाला. ईस-बावीस वर्साचं प्वार व्हतं त्ये तवा. आमच्या शेजारी माग व्हता, तितं तासंतास टक लावून बसायचं. मागवाला म्हनायचा, तुला माग इकत घ्यायचाय का? मग एक दिस मैदानात ह्येंच्यासमोर करून दावला. ह्ये घरी आले ते हसतच. म्हनले, अगं, सयाजीनं काय काडलंय म्हाईत हाय का!”

मी म्हटलं, “पण सगळे तर म्हणतात, रावजी वस्तादांचा.”

आजींनी पदरानं तोंड पुसलं. “तुज्या बापानंच सांगितलं तसं म्हनायला. मंडळात म्हातारीकोतारी लई. कालचं प्वार आमाला शिकवनार व्हय, म्हनली असती. वस्तादांचा म्हनलं की गप करत्यात. ह्येंना काय पटलं न्हाय. ह्ये म्हनले, प्वारा, तुजं हाय ते तुज्या नावानं जाऊ दे. तर पाय धरले तुज्या बापानं. म्हनला, नाव ऱ्हाऊ द्या, डाव जाऊ द्या फुडं.”

आबा, मी होटगी स्टेशनवर बाकावर बसून हे लिहितेय. गाडी यायला वेळ आहे. मला रडू येतंय की हसू, काही समजत नाही.

सर मला विचारतात, लोक नवं कधी स्वीकारतात? आता माझ्याकडं एक उत्तर आहे, आणि ते मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही. नवं जुन्याच्या नावानं आत येतं. तुम्ही ते विशीत ओळखलंत. आणि इतकी वर्षं ते नाव इतक्या नेकीनं सांभाळलंत की तुमचं तुम्हालाही ते खरं वाटायला लागलं.

धुळाप्पाअण्णांनी दुसरं काय केलं? त्यांनी बसायचा डाव काढला आणि ‘हा माझा’ म्हणाले. तुम्ही जे म्हणाला नाहीत, तेवढंच ते म्हणाले. त्यांनी विचारायला हवं होतं, हे बरोबरच आहे. पण आबा, त्यांनी विचारलं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतं?

अधिकार नाही, एवढं मात्र आता मला लिहू नका.

अंकिता


२२ ऑगस्ट

आबा,

तुमचं पाकीट आलं. कार्ड नाही, पाकीट. आत कागदावर तुमचं ते फळ्यावरचं अक्षर, आणि पहिल्यांदाच तुम्ही माझ्याशी लेखी भाषा सोडून बोललात.

‘रंभावहिनी म्हणतात ते खरं आहे. पण अंकू, मला हलगी ऐकू येत नाही. त्या वर्षीही नीट येत नव्हती. धुळाप्पानं रांग बसवली, त्याच्या आधी दोनदा माझा पाय चुकला होता. कुणी पाहिलं नसेल, पण मला कळलं होतं. त्याच्यावर चिडायला मला कारण मिळालं. आता पुढं उभा राहून सगळ्यांदेखत हसं करून घेऊ का?’

मी हे किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

तुम्ही कुणाला दाखवू नको असं लिहिलं नव्हतं. तेव्हा मी ते धुळाप्पाअण्णांना वाचून दाखवलं. गॅरेजवर गेले होते, ते एका मोटरसायकलखाली अर्धे गेलेले. वाचून झालं तरी ते खालून बाहेर येईनात. मग नुसता आवाज आला, “आठ वर्सं मला वाटत व्हतं, मी चुकलो.” खालून हात पुढं करून म्हणाले, “पाना दे गं तेवढा. धा-बाराचा.” मी दिला.

दुसऱ्या दिवशी मैदानात आले आणि गुरप्पांना म्हणाले, “हलगी खाली ठेवा.”

गुरप्पा म्हणाले, “आन मग मी काय करू?”

“काय बी करू नका. बिनहलगीचं खेळायचं बघू.”

कुणाला काही कळेना. लेझीम छातीशी दाबून धरायची, चकत्या वाजू द्यायच्या नाहीत, आणि नुसत्या पायांवर डाव करायचा. पहिल्या दिवशी तो नुसता गोंधळ होता. माणसं एकमेकांच्या अंगावर. गुरप्पांनी समोर उभं राहून हवेत काठ्या हलवून बघितल्या, तर मागच्यांना दिसेना. कुणी म्हणालं, तोंडानं मोजू या, तर अण्णा म्हणाले, मग हलगीनं काय घोडं मारलं होतं? यल्लूबाई म्हणाल्या, पाय जोरात आपटा. मातीत ठीक होतं, डांबरी रस्त्यावर टाचा फुटल्या असत्या.

मग असंच थकून उभे होतो. मी समोरच्या बाईच्या पाठीकडं बघत होते. तिनं मोठा श्वास घेतला, खांदा वर गेला, आणि माझाही आपोआप गेला. मी वळून बघितलं, तर माझ्या मागचीचाही जात होता. मी ओरडलेच, “अण्णा, खांदा! समोरच्याचा खांदा बघा!”

करून बघितलं. पुढच्या माणसानं श्वास घ्यायचा, खांदा उचलायचा, पाऊल टाकायचं. त्याच्या मागच्यानं त्याचा खांदा बघायचा. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ते असं जायला लागलं, जसं ज्वारीच्या रानातून वारं जातं. आवाज काही नाही. सगळ्यांना जमलं नाही, पण जेवढ्यांना जमलं तेवढे खुळ्यासारखे हसत होते.

हो, मी रांगेत होते. तिसऱ्या ओळीत, डावीकडून दुसरी. सर म्हणतात, “अंकिता, तू अभ्यासक आहेस की खेळाडू?” मी म्हटलं, “सर, खुर्चीवरून खांदा दिसत नव्हता.”  मला खात्री आहे, तुम्ही आत्ता हे वाचताना हसलात.

अंकिता


२५ ऑगस्ट

आबा,

परवा गणपती बसतील. तुमचं पत्र नाही. काका म्हणतात, तुम्ही सकाळी रानाच्या बांधावर एकटेच पावलं टाकत असता आणि ते आले की भाजी बघत असल्यासारखं करता. मी तुम्हाला हे सांगितलंय, हे त्यांना कळू देऊ नका.

इथं घोटाळा झालाय. काल रविवार, म्हणून मुका डाव रस्त्यावर करून बघितला. मैदानात सुरेख जमतो. रस्त्यावर दोन मिनिटांत मोडला. पलीकडच्या गल्लीत दुसऱ्या मंडळाचा ढोल-ताशाचा सराव चालला होता. आमची हलगी बंद, आणि कानात त्यांचा ताशा. पुढं धुळाप्पाअण्णा होते, त्यांचेच पाय त्या ताशाच्या मागं गेले. त्यांचे गेले म्हणून माझे गेले, माझे गेले म्हणून सगळ्यांचे. मिरवणुकीत तर पुढं एक मंडळ, मागं एक मंडळ, वर स्पीकर. तिथं काय होणार?

सगळे कट्ट्यावर बसलो. कुणी म्हणालं कापूस घालू या, कुणी म्हणालं सोडून देऊ या. गुरप्पा म्हणाले, “कान हाय तवर पाय फितूर व्हनारच. माज्याकडनं लिहून घ्या.”

धुळाप्पाअण्णा चहाचा कप हातात घेऊन बसले होते. चहा निवला. मग हळू म्हणाले, “फुडं असा गडी पायजे, ज्येला बाहेरचं काय बी ऐकू येत न्हाय. ज्येच्या अंगातच ठेका हाय.”

 कुणी तुमचं नाव घेतलं नाही. यल्लूबाईंना काही माहीत नाही, त्यांनी विचारलं, “असा कोण असतो?” तर गुरप्पा म्हणाले, “एक हाय. पर त्यो नातेपुत्यात भाजी बघतोय.” (काकांनी गुरप्पांनाही फोन केलेला दिसतो.)

आबा, तुमच्यावर दया म्हणून मी हे लिहीत नाही, अण्णाही तसं म्हणत नाहीत. पंचाहत्तरावं वर्ष आहे म्हणून हार घालून मिरवायला माणूस हवाय, असंही नाही. डाव अडलाय. तो सोडवायला जसा माणूस लागतो तसा आमच्यात एकही नाही, कारण आम्हा सगळ्यांना ऐकू येतं.

एवढंच. येताना पांढरी टोपी आणा. इथली आईनं कुणाला तरी देऊन टाकली.

अंकिता


१६ सप्टेंबर

आबा,

काका म्हणाले, पायाची सूज उतरली आणि तुम्ही यल्लूबाईंनी दिलेली टॉवेलची जोडी वापरायला काढलीत. छान. तुम्ही गेल्यावर घर चार दिवस ओकंओकं वाटलं. सकाळी तुमचा तो गरम पाण्यासाठीचा आरडाओरडा नाही. शेजारच्या काकूंनी विचारलंसुद्धा, “गेले का बाबा?”

तुम्ही माझ्या शेवटच्या पत्राला उत्तर पाठवलं नाहीत, तुम्हीच आलात. चौथ्या दिवशी मी कॉलेजातून येते तर तुम्ही जिन्यात पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. पुढचा आठवडा मी विसरणार नाही. धुळाप्पाअण्णा तुमच्यापासून चार हातांवर उभे, आणि तुम्ही मला म्हणता, “त्याला सांग, गुडघा मोडतोय त्याचा.” ते मला म्हणतात, “वस्तादांना सांग, आता मोडनार न्हाय.” मी ते तुमच्या कानाशी ओरडेपर्यंत अण्णांनी तुमचं ऐकून आधीच गुडघा सरळ केलेला असायचा. मिरवणूक संपेपर्यंत हे असंच चाललं. निघताना तुम्ही गुरप्पांना मिठी मारलीत, यल्लूबाईंच्या डोक्यावर हात ठेवलात, आणि धुळाप्पाअण्णांकडं बघून नुसती टोपी नीट केलीत. त्यांनीही मान हलवली. एसटी सुटेपर्यंत मी वाट बघितली, की आता कुणीतरी काहीतरी बोलेल.

काल कॉलेजात माझा निबंध वाचला. पुण्याहून दोन पाहुणे आले होते. मी सगळं सांगितलं, विडीचा हात, मागाचा धोटा, रावजी वस्तादांचं नाव, खांदा, ताशा. एका पाहुण्यांनी विचारलं, “मग हा मुका डाव नेमका कुणाचा? धुळाप्पांचा, तुमचा, की वडिलांचा?” मी खरंच विचारात पडले. हलगी खाली ठेवली अण्णांनी, खांदा दिसला मला, चालवलात तुम्ही, आणि मोडला नसता शेजारच्या ताशावाल्यांनी तर तुमच्यापर्यंत आलाच नसता. मी म्हटलं, “सर, अडचण सगळ्यांची होती, म्हणून डावही सगळ्यांचा आहे. पण नाव द्यायचंच असेल, तर यंदा जिवंत माणसांची नावं द्यावीत.” सर मागच्या रांगेत बसले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. निबंध स्वीकारलाय. छापताना तुमचं नाव धोट्यापुढं असेल. आता पाय धरायला रावजी वस्ताद नाहीत, आणि माझे धरता येणार नाहीत, त्यामुळं तुमचा इलाज चालायचा नाही.

एक गोष्ट मात्र मी त्या सभेत सांगितली नाही. ती तुमची आहे, आणि तुम्ही तिथं असून तुम्हाला ती माहीत नाही. म्हणून हे पत्र.

मधल्या मारुतीच्या अलीकडचं वळण. चार वाजले असतील, ऊन तिरकं, रस्त्यावर गुलालाचा चिखल. धोटा झाला, लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग तुम्ही हात वर केलात. गुरप्पांनी हलगी खाली घेतली. आम्ही लेझीम छातीशी दाबल्या. तुमचा खांदा उचलला आणि आम्ही निघालो.

तुम्हाला पुढचं दिसलं, मला ते ऐकू आलं. ते काय होतं ते सांगते.

आधी मागच्या मंडळाचा ताशा होता, जोरात. माझे पाय तिकडं जायला बघत होते. मी तुमच्या खांद्याला डोळे लावून ठेवले. तुमचं पाऊल पडत होतं तसंच पडत राहिलं, जसं काही त्या रस्त्यावर दुसरं कुणी नाहीच. मग लोकांची कुजबुज, “काय झालं, काय झालं, हलगी फुटली का?” मग कुणीतरी “श्श” केलं. मग खूप जणांनी. मागं ताशावाल्यांपैकी कुणाच्या तरी लक्षात आलं असावं, त्यांचा ढोल थांबला, ताशा एकटाच थोडा वेळ वाजला आणि लाजून बंद झाला. मग आबा, गणपतीच्या मिरवणुकीत मी कधी ऐकले नव्हते असे आवाज यायला लागले. दुसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. पोलिसाच्या खांद्यावरचा वायरलेस खरखरत होता. एक लहान मूल रडता रडता थांबलं. आणि आमच्या चपला, चिखलात एकदमच पडणाऱ्या आणि एकदमच उचलणाऱ्या. रंभाआजींना मुलानं आणून एका ओट्यावर बसवलं होतं, त्यांच्या बांगड्यासुद्धा ऐकू येत होत्या, एवढी शांतता.

अशात तुम्ही बोललात.

तुम्हाला वाटलं असेल, मनातल्या मनात म्हणालात. आपण किती मोठ्यानं बोलतो ते हल्ली तुम्हाला कळत नाही. वळणावर रांग फिरली, धुळाप्पाअण्णा तुमच्या उजव्या हाताला होते, गुडघा ताठ, लेझीम छातीशी. तुम्ही तिकडं बघितलंत, आणि शाळेच्या मैदानात शेवटच्या पोराला ऐकू जायचं त्या आवाजात म्हणालात, “वा रं माझ्या वाघा! असा गडी मला जन्मात मिळाला न्हाय.”

सगळ्या रस्त्यानं ऐकलं, आबा.

कुणी हसलं नाही. रांगेत एवढी माणसं होती, आणि शेवटपर्यंत कुणाचंही पाऊल चुकलं नाही. फक्त धुळाप्पाअण्णांचं चुकलं.

तुमची,
अंकू